सासरेबुवा हसतात याचा पुरावा

या, असे लांब लांब बसू नका. पुढे सरका, मागून येणाऱ्याला जागा ठेवा आणि हातातला मोबाइल पालथा निजवा. आज तुम्हाला एका हसण्याची गोष्ट सांगायची आहे. हसणं म्हटलं की वाटतं, त्यात काय मोठंसं? पण देवाने कुणाच्या पदरात काय टाकलं आणि टाकून वर कुठे दडवून ठेवलं, हे शोधायला कधीकधी एक जावई, एक मेहुणा, एक उद्यान अधीक्षक आणि खताची पोती तोलायचा काटा एवढा सरंजाम लागतो. पूर्वरंग लांबवत नाही. मूळ कथेलाच लागू.

गोष्ट एका फोटोग्राफरची. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो? लोक त्याला टिचकी म्हणत, आणि तेही त्याच्या कॅमेऱ्यामुळे. साबणाच्या वडीहून थोडा मोठा, कोटाच्या खिशात मावणारा, फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर. बटण दाबलं की टिचकी वाजवावी एवढाच आवाज. गाण्याची बैठक, नाटकाची तालीम, शोकसभा, म्हणजे जिथे खट्ट झालेलं खपत नाही, तिथे त्याला हटकून बोलावणं यायचं.

या कॅमेऱ्याची रीत निराळी. यात भिंगातून बघायचंच नसतं. वर कोपऱ्यात एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन, आणि त्या चौकोनात समोरचा माणूस एकाचे दोन दिसतो. भिंगाचं कडं फिरवत न्यायचं. दोन आकृत्या एकमेकींकडे सरकतात, एकमेकींवर बसतात, एक होतात, आणि तेव्हा बटण दाबायचं. द्वैत मिटल्याशिवाय आपला फोटो निघत नाही, असं टिचकी गिऱ्हाइकांना सांगायचा. थोरामोठ्यांनी ज्याच्यासाठी जन्म वेचले, ते या गृहस्थाने कड्याच्या अर्ध्या वळशात बसवलं होतं.

हे सगळं जगाला पटलं होतं. पटलं नव्हतं फक्त वरच्या मजल्याला. वरच्या मजल्यावर त्याचे सासरे राहत.

सासरेबुवा वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. खुर्ची सुटली, पण हाताची सवय सुटली नव्हती. काहीही हातात दिलं, पुस्तक असो, पपई असो, शेजाऱ्यांचं तान्हं मूल असो, की ते आधी तळहातावर किंचित उडवून बघत आणि मग मत देत. गल्लीतला भाजीवाला ते येताना दिसले की न मागता एक टोमॅटो जास्त टाकी. जावयाचा कॅमेरा त्यांनी पहिल्याच भेटीत असाच उडवून पाहिला होता आणि मुलीकडे वळून शांतपणे विचारलं होतं, की यावर संसार चालेल का. पुढे संसार नीट चालला, पण त्यांनी प्रश्न मागे घेतला नाही.

आणि सासरेबुवा हसत नसत. गंभीर म्हणतात तसला हा प्रकार नव्हे. सरकारी शिक्का मारलेलं लोखंडी वजन जसं हसत नाही, तसे ते हसत नसत. घरातल्या प्रत्येक फोटोत त्यांचा चेहरा तोच. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत केक कापताना ते अशा नजरेने बघताहेत, जणू केकवाल्यावर खटला भरायचा आहे.

सासूबाई मात्र वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या, की हे हसतात. स्वयंपाकघरात, दार लोटलेलं असताना, मी काही बोलले की हसतात, चांगले डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मुलगी आणि मुलगा दोघंही यावर मान डोलवत. आई आपल्या नवऱ्याची बाजू घेते, घेऊ दे बापडी, असा त्या डोलण्याचा अर्थ. सासूबाईंना तो अर्थ कळायचा आणि लागायचा.

एका दुपारी त्या जिना उतरून खाली आल्या. टिचकी खिडकीशी बसून भिंग पुसत होता. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"जावईबापू, एक काम होतं. यांना एकदा हसताना पकडून द्या."

टिचकीने विचारलं, कशासाठी?

"मला नकोय, मी रोज बघते. पोरांना दाखवायचंय. उद्या मी नसले, तर या माणसाला हसवायला कुणी जाणारच नाही हो. सगळे म्हणतील, त्यांना येतच नाही."

टिचकीच्या हातातलं फडकं थांबलं. एखादीने भरल्या डोळ्यांनी सांगावं असं हे वाक्य, पण सासूबाईंनी ते किराणा सांगितल्यासारखं सांगितलं आणि वर निघून गेल्या. टिचकीने ते काम मनावर घेतलं. इथून त्याचे भोग सुरू झाले.

पहिली मोहीम स्वयंपाकघरातच ठरली. गळका नळ बघायला जावई आलेत, असं सासूबाईंनी सांगून ठेवलं. टिचकी मोरीजवळ पाना घेऊन बसला आणि कॅमेरा मांडीवर ठेवला. सासरेबुवांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, पण त्यांच्या लेखी ती डबीच, त्यामुळे त्यांनी सावध व्हायची तसदी घेतली नाही. एवढुशा कॅमेऱ्याचं हेच तर बळ. थोड्या वेळाने सासूबाईंनी एका जुन्या कोळसेवाल्याची नक्कल सुरू केली. तपासणीला निरीक्षक आले, की हा गृहस्थ खोट्या वजनावरच बसून राहायचा आणि गुडघे धरलेत म्हणून उठायला नकार द्यायचा. सासूबाईंनी पिंपाच्या झाकणावर बसून त्याचं कण्हणं करून दाखवलं, आणि सासरेबुवा हसले. खरोखर हसले. खांदे हलले, डोळे बारीक झाले, तोंडातून चहाच्या किटलीसारखा आवाज आला. टिचकीने पाना टाकला, कडं फिरवलं, दोन सासऱ्यांचा एक सासरा केला आणि फिल्म संपेपर्यंत फोटो घेतले.

त्या संध्याकाळी त्याने न्हाणीघरात काळोख करून फिल्म धुतली. बाहेर बायको, मेहुणा, सासूबाई रांगेने उभे. खुद्द सासरेबुवाही आले होते, पण ते हात धुवायला. टिचकीने फिल्म उजेडात धरली. फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. तिच्यात सासरे नव्हते, नळ नव्हता, काहीच नव्हतं.

मंडळी, भिंगातून बघायचा कॅमेरा असता तर हे झालं नसतं. भिंगावर झाकण राहिलं की त्यात आतून काळंकुट्ट दिसतं आणि माणूस आपोआप शुद्धीवर येतो. पण याची खिडकी वेगळी ना. भिंगावर झाकण असलं तरी खिडकीत जग लख्ख दिसत राहतं. टिचकीने सगळा हास्यविलास झाकण न काढता टिपला होता. ही चूक करायला रेंजफाइंडरच लागतो आणि तो वापरणारा आपल्या कलेत बुडालेलाही लागतो. टिचकीने हे दुसरं कारण घरच्यांना नीट समजावून सांगितलं.  हात पुसता पुसता सासरेबुवा म्हणाले, "म्हणजे जावईबापू डोळे उघडे ठेवतात आणि कॅमेऱ्याचे मिटतात." आणि वर गेले.

टिचकीने ते झाकण खिडकीतून भिरकावलं. ते खालच्या दंतवैद्यांच्या कुंडीत पडलं आणि त्यामुळे ही बातमी इमारतभर झाली.

मग सल्ले. दंतवैद्य म्हणाले, न हसणाऱ्या माणसाचे आधी दात तपासावेत. त्यांनी सासरेबुवांची कवळी स्वतः बसवली होती आणि आजवर ती पाहण्याचा योग आला नव्हता, हे त्यांचं खरं दुःख. विमा एजंट म्हणाले, फोटो काय, जे करायचं ते या वयात लवकर करावं. त्यांना चहा न देता वाटेला लावलं. तिसऱ्या मजल्यावर हास्यवर्ग चालवणाऱ्या बाई राहत. त्या थेट सासऱ्यांच्या दिवाणखान्यात येऊन दोन्ही हात वर करून हसू लागल्या. सासरेबुवांनी त्यांना संपूर्ण हसू दिलं आणि मग विचारलं, की याचं माप कसं धरता, वेळेवर की आवाजावर?

या गडबडीत मोहिमेचा ताबा मेहुण्याने घेतला. मेहुणा बँकेत होता आणि हौशी होता, म्हणजे उपकरणांच्या बाबतीत कुठल्याही व्यावसायिकापेक्षा पुढे. त्याने साहेबांकडून एक कॅमेरा मागून आणला. त्याचं भिंग डब्यातल्या डब्यासारखं बाहेर यायचं. सोबत कॅमेरा उभा करायचं तिकाटणं, पांढरी छत्री, चार्जर आणि त्या सगळ्यासाठी वेगळी पाठपिशवी. सासरेबुवांनी कॅमेरा तळहातावर घेतला. उडवता आला नाही. त्यांची मुद्रा प्रथमच समाधानी दिसली.

"याला म्हणावं यंत्र," ते म्हणाले.

टिचकी कोपऱ्यात उभा होता. इतकी वर्षं जावई असून आपल्याला कधी यंत्र म्हटलं गेलं नाही, हे त्याला त्या क्षणी जाणवलं.

यंत्रासमोर सासरेबुवा बसले ते असे, की तराजूच्या पारड्यात ठेवले असते तर त्यांच्यावर शिक्का मारता आला असता. मेहुण्याचं तोंड कॅमेऱ्यामागे पूर्ण गडप व्हायचं, समोर उरायचं ते काळं नळकांडं. बापाला नळकांड्याकडे बघून हसायचं होतं. खटाक आवाज झाला की ते डोळे मिटत आणि पुढच्या खटाकची वाट बघत. टिचकीने नम्रपणे सांगून पाहिलं, की माणूस माणसाकडे बघून हसतो. माझा कॅमेरा एका डोळ्याला लावला तरी बाकीचं थोबाड समोरच्याला दिसत राहतं. मेहुणा म्हणाला, "भावोजी, तुमचा आधी उघडा ठेवा, मग बोलू." 

अडचण उजेडाची आहे असा मेहुण्याने निष्कर्ष काढला. मोठ्या भिंगाला लांबून घ्यायला जागा हवी, मोकळी हवा हवी. म्हणून रविवारी सकाळी सगळं कुटुंब सार्वजनिक बागेच्या फाटकाशी उभं राहिलं. पुढे मेहुणा, मागे तिकाटणं धरलेली बहीण, तिच्यामागे छत्री धरलेले सासरेबुवा, मग सासूबाई आणि शेवटी खिशात हात घातलेला टिचकी.

पहारेकऱ्याने मेहुण्याला अडवलं. व्यावसायिक छायाचित्रणाला परवानगी लागते. मेहुणा म्हणाला, मी बँकेत असतो, ही हौस आहे. व्यावसायिक हे, हे मागचे. पहारेकऱ्याने टिचकीने खिशातून काढलेली डबी पाहिली, मायेने हसला आणि जा म्हणाला. ज्याचं पोट फोटोवर, त्याला फाटक उघडं; ज्याची हौस, त्याला कायदा. आजवर या कॅमेऱ्याला इतका मान कधी मिळाला नव्हता आणि टिचकीचा इतका अपमानही कधी झाला नव्हता. दोन्ही एकदम झाल्यामुळे त्याला कुठला चेहरा करावा ते सुचेना.

सगळे उद्यान अधीक्षकांच्या कार्यालयात गेले. कार्यालय म्हणजे बागेच्या कडेला एक खोली. अर्ध्यात टेबल, अर्ध्यात फावडी, नळ्या, खताची पोती आणि ती तोलायचा उभा काटा. अधीक्षक म्हणाले, अर्ज करा. अर्जाचा नमुना मागितला, तर तो मुख्य कार्यालयात मिळतो, आणि मुख्य कार्यालय रविवारी बंद. मग रविवारी तुम्ही का बसलात, असं मेहुण्याने विचारलं. अधीक्षक म्हणाले, परवानगी नसलेल्यांना अडवायला कुणीतरी हवं ना.

मेहुण्याने वाद घातला, की व्यावसायिक कोण हे ठरवायचं कशावर? अधीक्षकांनी परिपत्रक काढलं. त्यात भाडेकरार, चित्रपट, मिरवणुका असं बरंच होतं, आणि शेवटी एक ओळ होती, की अमुक वजनाच्या वरचं उपकरण व्यावसायिक समजावं.

सासरेबुवांनी छत्री मिटली. नियम वजनावर होता. ते पुढे झाले आणि मुलाच्या विरुद्ध बोलू लागले. साहेबांचं बरोबर आहे, म्हणाले. वजनाला मत नसतं, आप्तस्वकीय नसतात. ठेवा कॅमेरा काट्यावर. मेहुण्याने नाइलाजाने यंत्र काट्यावर ठेवलं. काटा हलला नाही. तो पोत्यांचा काटा. बँकेच्या साहेबांचा एवढा कॅमेरा त्याच्या खिजगणतीत नव्हता. अधीक्षक वाकून बघत म्हणाले, वजन शून्य आहे, म्हणजे नियमाप्रमाणे हा कॅमेराच नाही. आणि कॅमेरा नसेल तर परवानगी तरी कशाची देणार?

मेहुणा डोकं धरून खताच्या पोत्यावर बसला. पण सासरेबुवांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ते काट्याकडे बघत होते. काट्यावर तपासणीचा शिक्का होता, तो जुना होता. त्यांनी चष्मा बदलला. अधीक्षकांना विचारलं, हा शेवटचा कधी तपासला? अधीक्षकांनी टेबलावरची फाइल सरळ केली. सासरेबुवा म्हणाले, काटा खोटा आहे, आत्ता सिद्ध करतो. ते रोज सकाळी न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहत. कित्येक वर्षांत त्यांचं वजन तसूभर वाढलेलं नव्हतं आणि त्याचा त्यांना कुणाला न बोलून दाखवलेला अभिमान होता. त्यांनी चपला काढल्या, मेहुण्याचं यंत्र बाजूला सारलं आणि स्वतः पोत्यांच्या काट्यावर चढले.

काटा सरकला, थरथरला आणि थांबला. बराच पुढे जाऊन थांबला.

"बघा," सासरेबुवा खालच्या, कोर्टात बोलावं तशा आवाजात म्हणाले. "माणसामागे एवढा फरक. पोत्यामागे किती मारत असाल?" अधीक्षक पांढरे पडले. सीलबंद करावा लागेल, असं काहीसं सासरेबुवा म्हणत होते. निवृत्त माणसाला सील करता येतं की नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

टिचकी दारात उभा होता. कॅमेऱ्याच्या खिडकीत त्याला सासरे दिसत होते. आता या कॅमेऱ्याची एक शेवटची गंमत सांगतो. त्याच्या खिडकीत फोटोची चौकट पांढऱ्या रेघांनी आखलेली असते, आणि रेघांच्या बाहेरचंही थोडं जग दिसतं. म्हणजे फोटोत काय येणार ते कळतं आणि फोटोत काय शिरू पाहतंय तेही कळतं. टिचकीला रेघेबाहेर सासूबाई दिसल्या. त्या नवऱ्याजवळ सरकत होत्या. त्यांनी सासरेबुवांच्या बाहीवर हात ठेवला, आणि त्यांच्या स्वतःच्या ओठांचा कोपरा असा काही दबलेला होता, की टिचकीने कडं फिरवायला सुरुवात केली. सासूबाईंना चौकटीत घ्यायचं तर त्याला वळावं लागलं असतं. तो वळला नाही.

"अहो," सासूबाई हळूच म्हणाल्या, "काटा बरोबर आहे. घरचा मी मागे सारून ठेवते. तुम्ही खूश असता म्हणून."

 आयुष्यभर दुसऱ्यांच्या काट्यांवर धाडी घातलेला माणूस बायकोकडे बघत राहिला. गुन्हा घरात, रोज सकाळी, त्याच्याच पायाखाली. त्याने मान वळवली. समोर टिचकीचं अर्धं तोंड दिसत होतं आणि ते हसू दाबत होतं. मग सासरेबुवांचे खांदे हलले, डोळे बारीक झाले, आणि किटलीचा तो आवाज सुटला तो थांबेना. ते हसता हसता काट्यावर डुलू लागले, आणि त्यांच्यासोबत काटाही मागेपुढे नाचू लागला.

टिचकी वाजली. कुणाला ऐकू आली नाही. मेहुणा यंत्राकडे धावला, पण त्याला आधी बॅटरी शोधायची होती.

फिल्म धुतली तेव्हा न्हाणीघराबाहेर पुन्हा तीच रांग होती. फोटो आला. सासरेबुवा पोत्यांच्या काट्यावर अनवाणी उभे, मान मागे, तोंड उघडं, कवळी शेवटच्या दातापर्यंत. दंतवैद्यांनी तो खास येऊन पाहिला आणि आपल्या कामावर समाधान व्यक्त केलं. मुलगी फोटो हातात घेऊन जिन्यातच बसली. तिला हा माणूस ओळखीचा वाटत होता, पण वडील म्हणून नव्हे. मेहुणा म्हणाला, हे आईने इतकी वर्षं सांगितलं, आणि आपण... 

सासरेबुवांनी फोटो जवळ धरून बराच वेळ पाहिला. मग त्यांनी फक्त एक चौकशी केली, की काट्याचा आकडा दिसतोय का. दिसत नव्हता. फोटो भिंतीवर लावायला त्यांची हरकत उरली नाही. कॅमेऱ्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत, आणि पुढच्या घरगुती समारंभाचे फोटो मेहुण्याच्याच यंत्राने काढले. टिचकीने त्यात तिकाटणं धरलं.

एका गोष्टीची मात्र त्याला रुखरुख होती. सासूबाई फोटोत आल्या नव्हत्या. कडेला, बाहीवर, त्यांची बोटं तेवढी होती. त्याने त्यांना सांगितलं, आई, वळलो असतो तर तुम्ही आला असता, पण हसू निसटलं असतं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "चोर सापडला ना? पकडून देणारीला कशाला उभं करता?"

त्यानंतर दुपारी कधी मुलगी वर जाऊ लागली, कधी रविवारी मेहुणा. ऑफिसातल्या गमती, कुणाच्या नकला, फसलेले विनोद घेऊन जात. सासरेबुवा ते सगळं तळहातावर घेऊन उडवल्यासारखं ऐकत. बहुतेक वेळा माल परत यायचा. पण एकदा स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं, सासूबाई बाजारात गेल्या होत्या, आणि तरी आतून तो किटलीचा आवाज आला. टिचकी खाली जिन्यात होता. त्याच्या खिशात कॅमेरा होता. त्याने तो काढला नाही.

तो फोटो आजही त्या दिवाणखान्यात आहे. येणारे-जाणारे सासऱ्यांकडे बघून हसतात, काट्याबद्दल विचारतात आणि बसतात. बाहीवरच्या बोटांबद्दल कुणी विचारत नाही. तेवढ्यासाठी तुम्हाला जवळ बसवलं. घरी गेल्यावर हसू आलं तर हसा, पण दिवेलागणीला देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या रेघेबाहेरच्या माउलीची एकदा आठवण काढा.